गादी एक, वाटेकरी दोन

वाचकहो, पेशवाईवरची मालिका पाहताना घरातल्या माणसांकडे जरा लक्ष द्यावे. लढाईचा देखावा चालू असतो तोवर सगळे एकमेकांशी बोलत असतात. पण काका आणि पुतण्या वाड्यात समोरासमोर आले, की घर गप्प होते. थोरला भाऊ सावरून बसतो, धाकटा उगीच सुपारी कातरू लागतो, आणि जावा-जावा एकमेकींकडे पाहण्याचे टाळतात. शनिवारवाडा भव्य होता, आपले घर साधे. तिथे प्रश्न गादीचा होता, इथे चार एकरांचा आणि सामाईक विहिरीचा. तरी भांडण ओळखीचे वाटते. आज त्या ओळखीच्या भांडणाबद्दलच बोलू.

मराठीत या जातीची जी मालिका जुन्या प्रेक्षकांच्या अजून लक्षात आहे, ती 'स्वामी'. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे रणजित देसाई यांची माधवराव पेशव्यांवरची ही कादंबरी १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पुढे ऐंशीच्या दशकात गजानन जागीरदारांनी दूरदर्शनसाठी तिची मालिका केली. रवींद्र मंकणी माधवराव झाले, आणि तेव्हा अगदी कोवळ्या वयाच्या मृणाल देव, म्हणजे आजच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई झाल्या. जागीरदारांना हे घराणे नवे नव्हते. १९४४ सालच्या प्रभातच्या 'रामशास्त्री' या बोलपटात रामशास्त्र्यांची भूमिका त्यांनीच केली होती. त्याच्याही आधी, १९०९ साली, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी याच घरच्या कलहावर नाटक लिहिले आणि त्याला नाव दिले 'भाऊबंदकी'. गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघाने ते पुन्हा रंगभूमीवर आणले, तेव्हा नानासाहेब फाटकांचा राघोबा गाजला. २०१९ साली कलर्स मराठी वाहिनीवर 'स्वामिनी' आली, तीही याच वाड्यातली गोष्ट. शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी माणूस हे एकच भांडण पुन्हा पुन्हा पाहतो आहे, ते का?

उत्तर मुंबईच्या चाळींत सापडते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'आमची माती, आमची माणसं' हा आपल्या शेतकऱ्यांचा कार्यक्रमही तिथूनच येई. चाळीत सुरुवातीला एखाद्याच खोलीत दूरदर्शन संच असे. मालिकेच्या वेळी त्या खोलीचे दार उघडे ठेवायचे, अशी रीतच पडली होती. मुले पुढे जमिनीवर, बायका उंबऱ्यापाशी आणि पुरुष बाहेर गॅलरीत उभे. गिरगावच्या वाड्यांत कोकणातून आलेले कारकून आणि मास्तर, दादरला नोकरदार, परळ-लालबागला सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडचे गिरणी कामगार. यांतल्या बहुतेकांचे एक पाऊल गावी असे. गावच्या सातबाऱ्यावर वडिलांचे किंवा आजोबांचे नाव, आणि मुंबईच्या खोलीच्या भाडेपावतीवरही पुष्कळदा तेच.

त्यातच १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पगार बंद झाल्यावर किती तरी जणांनी बिछाना गुंडाळला आणि गावची वाट धरली. वर्षानुवर्षे मनिऑर्डर पाठवणारा भाऊ दारात उभा राहिला. त्याच्या पैशातून विहिरीचे काम झाले होते, बैलजोडी आली होती, बहिणीचे लग्न झाले होते. पण त्या सर्व वर्षांत नांगर धरला होता गावच्या भावाने. आता जमीन कोणाची? कमावून पाठवले त्याची की कसून राखली त्याची? असा प्रश्न पोटात घेऊन बसलेल्या माणसाला राघोबादादा आणि माधवराव परके वाटतील तरी कसे?

आता त्या वाड्यातली गोष्ट नीट पाहू. मालिकेत ती स्वभावाची गोष्ट होते: काका लोभी, पुतण्या करारी, काकू कारस्थानी. मुळात गोष्ट हिशेबाची आणि हक्काची होती.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव तिथे पडला. त्या धक्क्यातून नानासाहेब उठले नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. मागे राहिले दुसरे चिरंजीव माधवराव, वय सोळा; धाकटे नारायणराव, वय पाच; आणि नानासाहेबांचे भाऊ रघुनाथराव, वय सत्तावीसच्या घरात. राघोबा काही घरी बसून खाणारा माणूस नव्हता. १७५८ साली लाहोर घेऊन मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या त्या त्यांच्याच मोहिमेत. मोहिमा गाजल्या, पण सोबत कर्जही घेऊन आल्या. पेशवाईची वस्त्रे मात्र साताऱ्याच्या छत्रपतींकडून माधवरावांना मिळाली.

राघोबांच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. घोड्यावर आयुष्य काढलेला कर्ता काका, आणि गादीवर मिसरूड न फुटलेला पुतण्या. घरातल्या नात्याने काका वडील, पदाने पुतण्या वडील. आपल्याकडेही बापाच्या माघारी थोरल्या भावाचा मुलगा कारभार पाहू लागतो आणि धाकटा चुलता आतल्या आत जळतो, तेव्हा तो दर वेळी दुष्टच असतो असे नाही. आपण केले त्याची नोंद कुठेच नाही, हे त्याचे दुःख असते. राघोबांनी राज्याचा अर्धा वाटा मागितला, तो याच पोटी.

इथेच मुख्य गाठ आहे. अर्धा वाटा देता येण्यासारखी ती वस्तूच नव्हती. राज्य छत्रपतींचे होते, पेशवे त्यांचे प्रधान. पेशवेपद घराण्यात बापाकडून मुलाकडे चालत आले होते खरे, पण ते पद होते, शेत नव्हे. शेताच्या मधोमध बांध घालता येतो, गादीच्या मधोमध घालता येत नाही. वाटून घेण्याची वस्तू कोणती आणि एकाच्याच नावे राहणारी कोणती, एवढा फरक नानासाहेबांच्या हयातीत घरात स्पष्ट झाला असता, तर पुढचे किती तरी टळले असते.

ते झाले नाही. १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगावाजवळ काका-पुतण्याच्या फौजा एकमेकींवर गेल्या. घर फुटू नये म्हणून माधवराव आपण होऊन काकांच्या छावणीत गेले आणि कारभार त्यांच्या हाती दिला. पुढच्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटले. तेव्हा दोघे एक झाले आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनावर निजामाचा मोड केला. बाहेरचा शत्रू दारात आला, की भाऊबंद एक होतात. तो गेला की बांध पुन्हा आठवतो. राघोबांनी १७६८ साली अमृतरावांना दत्तक घेतले. मागणी आता एका माणसापुरती राहिली नाही, तिला वारसही झाला. त्याच वर्षी जूनमध्ये धोडपला लढाई झाली. काका हरले आणि शनिवारवाड्यातच नजरकैदेत राहिले. ज्याच्याशी भांडण, तोच त्याच छपराखाली. हे दृश्य आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

माधवरावांनी मात्र एक शहाणपण केले, ज्याला मालिकेत फारसा वेळ मिळत नाही. क्षयाने अंथरुण धरल्यावर थेऊरला त्यांनी आपल्या इच्छा कलमवार लिहवून घेतल्या. राज्यावरचे कर्ज फेडणे ही बाब त्यांत महत्त्वाची होती. मरणाच्या दारी असलेला सत्तावीस वर्षांचा माणूस आधी देण्याचा विचार करतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते गेले. रमाबाई सती गेल्या.

पण कागद करायला फार उशीर झाला होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, अठरा वर्षांच्या नारायणरावांना गारद्यांनी शनिवारवाड्यात कापून काढले. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष राघोबांच्या माथी ठेवला. पुढच्या एप्रिलात नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई पुरंदरावर प्रसूत झाल्या आणि मुलगा झाला. कारभाऱ्यांनी त्या तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावे कारभार चालवला. राघोबांची गादी गेली.

आणि इथे गोष्ट मुंबईला येते. गादी गेलेले काका इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. गादी मिळवून द्या, मी साष्टी आणि वसई देतो, असा त्याचा मथितार्थ. साष्टी म्हणजे माहीमची खाडी ओलांडली की सुरू होणारा मुलूख: वांद्रे, अंधेरी, बोरिवली, पार ठाण्यापर्यंत. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी आदल्याच डिसेंबरात घेऊन टाकला होता. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर विल्यम हॉर्नबी होते. परळच्या ज्या सरकारी बंगल्यात ते राहायचे, तिथे पुढे १८९९ साली प्लेगची लस करणारी प्रयोगशाळा आली. आजची हाफकिन संस्था ती. १७७६ च्या अखेरीस राघोबा समुद्रमार्गे मुंबईलाच येऊन राहिले. इंग्रजांनी त्यांना घेऊन पुण्यावर स्वारी केली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला सपाटून मार खाल्ला. तरी १७८२ साली सालबाईचा तह झाला तेव्हा वसई परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. राघोबांच्या वाट्याला आली महिना पंचवीस हजारांची नेमणूक. पुढच्याच वर्षी ते कोपरगावला वारले. पुढे १८१८ साली ज्यांच्या हातून पेशवाई संपली ते दुसरे बाजीराव राघोबांचेच पुत्र. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही म्हण आपण बोक्यांच्या गोष्टीत शिकतो. मुंबईची उपनगरे हा तिचा भला मोठा पुरावा आहे.

एक गोष्ट मनाला फार लागते. ही साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडून १७३७ ते १७३९ या काळात जिंकली होती ती चिमाजी अप्पांच्या मोहिमेने. चिमाजी अप्पा म्हणजे राघोबांचे सख्खे काका. थोरले बाजीराव गादीवर आणि धाकटे चिमाजी अप्पा त्यांच्या पाठीशी. धाकट्याने कधी अर्धा वाटा मागितला नाही आणि थोरल्याने त्याचा मान कमी केला नाही. एकाच घराण्यात एका पिढीने जोडीने मिळवले आणि पुढच्या पिढीने भांडून घालवले. तेव्हा भाऊबंदकी रक्तातच असते असे म्हणून हात झटकू नयेत. ती रक्तात नसते, अबोल्यात आणि कच्च्या हिशेबात असते.

भगिनींनो, आता तुमच्याकडे वळतो. या मालिकांत घर फोडण्याचा दोष बहुधा एका बाईवर येतो. 'ध' चा 'मा' केला तो आनंदीबाईंनी, अशी पिढ्यान् पिढ्यांची सांगी आहे. 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' झाले म्हणतात. पण ही ऐकीव गोष्ट आहे, कागदाने सिद्ध झालेली नव्हे. जरा विचार करा. गोपिकाबाई, आनंदीबाई, रमाबाई, गंगाबाई, या चौघींपैकी एकीचेही नाव वाटेकरी म्हणून कुठे होते काय? बाईला जे मिळायचे ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातून. नवरा कैदेत गेला की तिचे सारे गेले. जिला स्वतःचा हक्क नाही ती नवऱ्याच्या हक्कासाठी जिवाच्या आकांताने भांडणार, हे उघड आहे. आपल्या गावांतही भाऊ वेगळे झाले की लोक म्हणतात, सुना आल्या आणि घर फुटले. हिशेब पुरुषांनी ठेवला नाही, बोल मात्र सुनांना.

कायदा मात्र त्या काळापासून फार पुढे आला आहे, आणि तो आपल्या घरी पोहोचला पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलांचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा सुधारून मुलींना तो हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशासाठी सुधारणा झाली आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाच्या बरोबरीची वाटेकरी ठरली. बाप त्या तारखेला हयात नसेल तर काय, हा वाद राहिला होता. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्क जन्माने आहे, बाप त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या त्यामुळे उकलत नाहीत. तेव्हा बहिणीला चोळी-बांगडी देऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याची घाई करू नये. तिला सोडायचे असेल तर तिने समजून उमजून सोडावे, आणि ते पत्र नोंदणीकृत असावे. आणि तिला हवे असेल, तर ते मागणे माहेर तोडणे नव्हे.

मुंबईच्या खोलीचे शास्त्र मात्र शेतापेक्षा वेगळे आहे. चाळीतली भाड्याची खोली पुष्कळशी पेशव्यांच्या गादीसारखी असते: मालक दुसराच, आपण नुसते भाडेकरू. ती बांध घालून वाटता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूचा हक्क जातो. असे कोणी नसेल तर वारसांनी एकमताने ठरवायचे, आणि एकमत झाले नाही तर न्यायालयाने. गावचा भाऊ म्हणतो, खोली वडिलांची, मला अर्धी हवी. मुंबईचा भाऊ म्हणतो, शेत वडिलांचे, मला अर्धे हवे. शेताबाबत दुसऱ्याचे म्हणणे बरोबर असू शकते आणि खोलीबाबत पहिल्याचे चुकीचे. हे आधी समजावून सांगणारे कोणी नसले, की दोघांनाही आपण फसवलो गेलो असे वाटते. २०१२ पासून म्हाडाच्या सोडतींतून गिरणी कामगारांना घरे मिळू लागली. कामगार हयात नसेल तर त्यात वारस पुढे येतात. तिथेही एका घरापुढे चार भावंडे उभी राहतात. म्हणून कोणती वस्तू वाटायची आणि कोणती एकाने ठेवून इतरांची दुसऱ्या रीतीने भरपाई करायची, हे वडीलधाऱ्यांनी बोलते असतानाच ठरवावे.

करायचे ते फार अवघड नाही. वडील गेल्यावर वारसनोंदीची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी आणि तीत बहिणींची नावे गाळू नयेत. फेरफाराची नोंद झाली म्हणजे मालकी ठरली, असे समजू नये. ती मुख्यतः महसुलाची नोंद आहे. वाटणी तोंडी ठेवू नये. तहसीलदाराकडे रीतसर अर्ज करून किंवा वाटणीपत्र नोंदवून घ्यावी, आणि विहिरीची पाणीपाळी, गाडीवाट, झाडे, गोठा हे सारे त्यात लिहावे, कारण कोर्टात जास्त भांडणे याच किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरून जातात. मृत्युपत्र करायचे तर दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि माधवरावांप्रमाणे कर्जाचे कलम विसरू नये. सोसायटीचे, बँकेचे, हातउसने, सगळे लिहावे. वारसावर कर्जाचा बोजा त्याला मिळालेल्या मिळकतीपुरताच असतो, हेही मुलांना सांगून ठेवावे, म्हणजे सावकाराच्या धमकीने कोणी घाबरणार नाही.

शेवटी एक गोष्ट कागदाबाहेरची. राघोबांना केवळ वाटा नको होता, आपण केलेल्या कामाची दखल हवी होती. मनिऑर्डर पाठवणाऱ्यालाही ती हवी असते, नांगर धरणाऱ्यालाही, आणि दोघांची भाकरी थापणाऱ्या बाईलाही. वाटणीला बसाल तेव्हा आकडे मांडण्यापूर्वी कोणी काय केले ते मोठ्याने बोलून दाखवा. त्याला स्टॅम्प लागत नाही. त्यानंतर ज्या सह्या होतील, त्या पुढची पिढी मोडायला निघण्याची शक्यता कमी.